बांगलादेशातल्या चरांवर पावसाळ्याचे चार महिने घर नेमकं कसं चालतं?

गोधडी

नमस्कार मंडळी. उत्तर बांगलादेशातल्या चरांवर, म्हणजे नदीपात्रातल्या वाळूच्या बेटांवर राहणाऱ्या कुटुंबांविषयीचा मजकूर मराठीत आणायचं काम हातात आहे. अडतंय ते भाषेपाशी नाही, तपशिलापाशी. "कुटुंब पुराशी जुळवून घेते" हे वाक्य दर दोन पानांनी येतं आणि त्यातून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. जुळवून घेते म्हणजे करते काय?

समजा पाच माणसं, दोन गाई, एक शेळी, पत्र्याचं एक घर आणि अंगणात गुडघाभर पाणी. चूल कुठे पेटते? पिण्याचं पाणी कुठून येतं? रांगतं मूल कुठे ठेवतात? संडासाचं काय? खाण्याचा साठा किती दिवसांचा, आणि कशात?

कुरीग्राम, गाइबांधा, जमालपूर, सिराजगंज हा पट्टा माहीत असलेल्यांनी कृपया लिहा. मापं आणि क्रम हवेत. हळहळ मूळ मजकुरात भरपूर आहे.

---

काठावरचा

आधी दोन शब्द वेगळे करा, नाहीतर अनुवाद पहिल्याच पानावर घसरेल. बंगालीत 'बर्षा' वेगळी आणि 'बन्या' वेगळी. बर्षा म्हणजे दरसालचं पाणी. ते यावंच लागतं. ताग कुजत घालायला तेच लागतं, मासे त्यातच, आणि शेतावर गाळही तेच टाकून जातं. पाणी अवेळी आलं, नेहमीपेक्षा हातभर जास्त चढलं किंवा उतरायचं नावच घेईना, की ती बन्या. दोन्हीकडे 'पूर' लिहिलंत तर ही माणसं चार महिने सतत संकटात आहेत असं वाटेल. तसं नसतं. घराची सगळी मांडणी बर्षा धरूनच केलेली असते, मोडते ती बन्येत.

ब्रह्मपुत्रेला तिस्ता मिळाली की खाली तिला जमुना म्हणतात. तिचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये सर्वात वर असतं, गंगेचं म्हणजे पद्मेचं ऑगस्ट-सप्टेंबरात. दोघी एकाच वेळी फुगल्या की पाण्याला खाली सरकायला वाट उरत नाही. १९८८ आणि १९९८ सालचे पूर तसे होते. १९९८ मध्ये देशाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पाण्याखाली होता.

आता घर. सगळा खेळ उंचीचा आहे. घराखाली मातीचा चौथरा असतो, त्याला भिटा म्हणतात. आठवणीतल्या सर्वात उंच पाण्याच्या खुणेच्या वर दोन फूट, हा भिट्याचा हिशोब. त्या भागात चरांवरचे भिटे उंच करण्याचं मोठं काम झालं, तेव्हाही हेच माप धरलं होतं.

माती किती लागते हे बहुतेकांना कळत नाही, म्हणून आकडा देतो. वरची सपाटी ३० फूट बाय २० फूट आणि उंची ४ फूट धरा. सरळ गुणाकार २,४०० घनफूट येतो. पण बाजू उभ्या ठेवल्या तर पहिल्याच पावसात ढासळतात. एक फूट उंचीला दोन फूट पसरट असा उतार द्यावा लागतो. मग तळ ४६ बाय ३६ फुटांचा होतो आणि माती लागते ४,३०० घनफुटांच्या वर. म्हणजे घराखाली जेवढी, जवळजवळ तेवढीच नुसत्या उतारात. हात आखडतो तो इथेच. उतार कमी करतात आणि भिटा तिसऱ्या वर्षी अर्धा राहतो.

माती टाकायची ती कोरड्या महिन्यांत, माघ ते चैत्र. एका वेळी ९ इंचांहून जाड थर नको. किंचित ओला करून धुम्मसने चोपायचा, मगच वरचा थर. चरावरची माती वाळूमिश्रित, पाण्यात साखरेसारखी विरघळणारी. म्हणून वरून चिकणमातीचा थर आणि उतारावर हरळीची ढेकळं लावतात. वाळा मिळाला तर उत्तम, मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. मात्र तो पाणी यायच्या दोन-तीन महिने आधी लावलेला हवा. आषाढात लावलेला वाळा पहिल्या लाटेबरोबर निघून जातो.

तीन चुका नेहमीच्या. एक, माती भिट्याच्या पायथ्यापासूनच खणून घेणं. खड्डा पडतो, उतार त्यात सरकतो, आणि पोरांना बुडायला दारातच डोह तयार होतो. किमान दहा-बारा फूट सोडून खणायचं. दोन, पागोळ्यांचं पाणी थेट उतारावर पडू देणं. पुराआधी पावसानेच भिट्याला घळी पडतात. तीन, उंदरांची बिळं. चहूकडे पाणी झालं की उंदीर उंचावर येतात, बिळातून पाणी शिरतं आणि भिटा आतून पोखरतो. बिळं दिसतील तशी बुजवावी लागतात.

पाणी भिट्यावरही चढलं तर घरातच माचा बांधतात. बांबूचे चार खांब, वर आडवे बांबू, त्यावर फाट्यांची चटई. पाणी वाढलं की माचा वर सरकवायचा, म्हणून गाठी सुटतील अशाच मारतात. माचा आणि पत्रा यांत माणूस बसू शकेल एवढी जागा उरेनाशी झाली, की घर सोडून बांधावर जायची वेळ. सरकारी बांधाला तिथे सगळे 'वापदा' म्हणतात, जुन्या खात्याच्या नावावरून.

हे सगळं पाण्याबद्दल. नदीने काठ कापायला घेतला तर गोष्ट वेगळी. पुरात घर धरून बसतात, कापणीत घर मोडतात. म्हणूनच भिंती तागाच्या काड्यांच्या किंवा कासगवताच्या, छप्पर पत्र्याचं, आणि जोड तारेने बांधलेले. छपराची दोन पाखी अख्खी उतरवून होडीवर चढवतात, भिंती तट्ट्या-तट्ट्यांनी निघतात. हाताशी माणसं असली तर दिवसाभरात घर होडीत. पत्रा ही तिथली ठेव आहे. अडीनडीला विकता येतो, विटांची भिंत विकता येत नाही.

---

चूलबोळकी

चुलीचं सांगते. मातीची सुटी चूल असते, 'आलगा चुला', उचलून नेता येईल एवढी. चिकणमातीत भाताचं तूस मळून करतात. ती चैत्र-वैशाखातच करून ठेवावी लागते. आधी सावलीत, मग उन्हात, दोन-तीन आठवडे वाळली पाहिजे. घाईने केलेली चूल पहिल्या जाळातच तडकते आणि भर पुरात नवी करायला कोरडी माती मिळत नाही.

माच्यावर चूल मांडायची तर खाली पत्र्याचा तुकडा आणि त्यावर तीन-चार बोटं जाड मातीचा लेप. नुसत्या पत्र्यावर ठेवली तर पत्रा तापून खालचा बांबू धुमसायला लागतो. वर छप्पर जवळ असतं, त्यामुळे जाळ लहान ठेवायचा आणि त्या बाजूची तट्टी वर करून धुराला वाट द्यायची.

शिजवणं दिवसातून एकदाच. भातातच बटाटा किंवा फडक्यात बांधलेली डाळ टाकतात, म्हणजे एका जाळात दोन्ही होतं. पाच माणसांच्या एका वेळेला दोन-अडीच किलो सुकं सरपण धरा. खरी टंचाई तांदळाची नसते, सरपणाची असते. तागाच्या काड्या आणि काडीभोवती शेण थापून वाळवलेल्या लांब गोवऱ्या पत्र्याखाली आढ्याला रचून ठेवतात. तिथे चुलीचा धूर लागून त्या कोरड्या राहतात. शेण वैशाखाच्या उन्हातच वाळतं. आषाढात थापलेल्या गोवरीला फक्त बुरशी येते.

कोरडा खाऊ म्हणजे चिडे, मुडी आणि गूळ. आपले पोहे, चुरमुरे आणि गूळच. हिशोब असा: माणशी दिवसाला ४०० ग्रॅम पोहे आणि १०० ग्रॅम गूळ यांतून १,७५० च्या आसपास कॅलरी मिळतात. पोटभर नाही, पण हातपाय चालतात. पाच माणसांना सात दिवस म्हणजे १४ किलो पोहे आणि साडेतीन किलो गूळ. तेवढ्याच वजनाचे चुरमुरे घ्यायचे तर पिंपच्या पिंप लागतील, म्हणून मुख्य साठा पोह्यांचा.

इथे एक खोच आहे आणि ती बहुतेक लेखनातून सुटते. चुरमुरे कोरडे खाता येतात, पोहे भिजवावे लागतात. भिजवायला शुद्ध पाणी नसेल तर पोह्यांतून सरळ जुलाब. त्यामुळे पाण्याचा साठा करताना पिण्याच्या पाण्यात पोह्यांचं पाणीही मोजावं लागतं.

भरायचं ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि फट मातीने लिंपायची. मीठ वेगळं, कारण ते ओल ओढतं आणि शेजारचंही खराब करतं. काडेपेटी झाकणाच्या बाटलीत.

आणि अनुवादात बियाणं विसरू नका. खाऊ संपला तर उसना मिळतो, बी बुडालं तर वर्ष जातं. भाताचं बी दाताखाली 'कट्' वाजेपर्यंत वाळवतात, मग सावलीत पूर्ण गार करून भरतात. गरम भरलं तर डब्यात घाम धरतं आणि उगवण जाते. डबा काठोकाठ भरायचा, वर कडुनिंबाचा पाला. पाणी उशिरा उतरलं तर 'गाइंजा' नावाचं उशिरा लावायचं स्थानिक भात तिथे कामाला येतं. दोनेक आठवडे बुडून तगणारं 'ब्री धान ५२'ही आहे, पण त्यालाही रोप रुजलेलं हवं. लावणीच्या दुसऱ्या दिवशी बुडालं तर तेही जातं.

---

गोधडी

सरपण आणि पोह्यांचं पाणी, या दोन्ही गोष्टी मूळ मजकुरात नाहीत. आभार, चूलबोळकी.

पाण्याबद्दल एक गोंधळ आहे. "लाल तोंडाच्या नळाचे पाणी पिऊ नये" असं एक वाक्य आहे आणि पुढच्याच पानावर बाई त्याच नळावर भांडी घासते. ही चूक आहे का?

---

तुरटी

चूक नाही, बरोबर आहे. हातपंपाच्या तोंडाला लाल रंग म्हणजे त्या पाण्यात आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त, हिरवा म्हणजे मर्यादेत. १९९३ मध्ये चापाइनवाबगंज भागात हे पहिल्यांदा उघडकीला आलं आणि पुढे देशभर लाखो पंप तपासून रंगवले गेले. बांगलादेशाची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १०. आर्सेनिक पोटात गेलं तर घातक, कातडीतून ते फारसं जात नाही. म्हणून लाल पंपावर भांडी, कपडे, अंघोळ चालते. पिणं आणि शिजवणं नाही.

लाल पंपाचं पाणी उकळून पिऊ म्हटलं तर उलटंच होतं. पाणी आटतं, आर्सेनिक तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. क्लोरीनच्या गोळीनेही ते जात नाही. आणि पुराचं उघडं पाणी आर्सेनिकच्या दृष्टीने सहसा ठीक, पण जंतूंनी भरलेलं. दोन वेगळी विषं, दोन वेगळे उपाय. मजकुरात ही गल्लत आहे का, तेवढं तपासा.

पंप बुडणार असं दिसलं तर पाणी यायच्या आधीच वरचं डोकं काढतात आणि पाइपाच्या तोंडावर जाड प्लॅस्टिक दुमडून रबराने करकचून बांधतात. नाहीतर पाइपाचा एक तुकडा जोडून पंपच वर घेतात. पाणी उतरल्यावर बुडालेला पंप असा साफ करतात:

१०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर दीड-दोन लिटर पाण्यात कालवायची. पंपाचं डोकं काढून ते पाणी पाइपात ओतायचं. अर्धा तास तसंच ठेवायचं. मग डोकं बसवून सलग अर्धा तास पंप मारायचा आणि ते पाणी टाकून द्यायचं. अर्धा तास हापसणं फार लांबतं, म्हणून पाच मिनिटांत सोडतात आणि मग पाण्याला वास येतो म्हणून तक्रार. पावडर उघड्या पिशवीतली, ओली, गोळे झालेली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेलं नसतं. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबली नाही तर फेकून द्या.

पंपच मिळेना तर उघडं पाणी. ते आधी स्थिर करायचं. तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून तासभर ठेवा, वरचं निवळ पाणी फडक्यातून गाळा, मग गोळी टाका किंवा खळखळून उकळा. गढूळ पाण्यात थेट गोळी टाकली तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. एक गोळी किती लिटरला ते पाकिटावर असतं, शेजारीण सांगते ते नाही.

---

दोन_टाके

तुरटी यांच्या प्रतिसादात गाळण्याच्या फडक्याची भर. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात झालेल्या अभ्यासात असं दिसलं की जुनी सुती साडी किमान चार पदरी करून पाणी गाळलं तर पटकी, म्हणजे कॉलरा, निम्म्याच्या आसपास कमी होते. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव साडीत अडकतात. साडी जुनीच हवी. धुऊन-धुऊन धागा फुगतो आणि छिद्रं लहान होतात, कोऱ्या साडीतून ते निसटतात. गाळून झालं की साडी उलटी करून स्वच्छ पाण्याने धुवायची, उन्हात वाळवायची. पण हे गोळीला किंवा उकळण्याला पर्याय नाही. काहीच नसेल तेव्हाचा मार्ग आहे.

जुलाबांबद्दल. मूळ मजकुरात 'लबण-गुड' (मीठ-गुळाचं पाणी) शब्द असेल, तो तसाच ठेवा. १९८० ते १९९० या दशकात ब्रॅक या तिथल्या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन हे शिकवत होत्या, एक कोटीहून जास्त घरांत. तीन बोटांच्या पहिल्या पेरात मावेल एवढी मिठाची चिमूट, चार बोटांत येईल एवढी गुळाची मूठ, अर्धा शेर म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी. चाखून पाहायचं, आसवांपेक्षा खारट लागलं तर टाकून नवं करायचं.

आता पाकिटंच वापरतात आणि तिथे मराठी वाचकासाठी एक सूचना घालाच. बांगलादेशात सर्वत्र मिळणारं खाण्याच्या सलाइनचं पाकीट अर्ध्या लिटरचं असतं. आपल्याकडचं मोठं पाकीट एक लिटरचं. आपलं पाकीट अर्ध्या लिटरात कालवलं तर मीठ दुप्पट होतं, आणि लहान मुलाच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या, असंही करायचं नाही, कारण पुडीतलं मीठ-साखर सारखं मिसळलेलं असेलच असं नाही. कालवलेलं बारा तासांत संपवायचं. सोबत मुलाला जस्ताची गोळी, सहा महिन्यांच्या वर रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळी थांबवतात, ते चूक.

आता रांगत्या मुलाचं. पुरातल्या जुलाबांपेक्षा बुडण्याची भीती मोठी धरा. एक ते चार वर्षांची मुलं सर्वात जास्त बुडतात, घराजवळच्याच डबक्यात किंवा तळ्यात, आणि बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात. याच वेळात आई स्वयंपाक, गुरं, धुणं यांत असते आणि बाप शेतावर. म्हणून त्या चार तासांसाठी काही गावांत 'आँचल' नावाची पाळणाघरं चालतात. पंचवीसेक मुलं, एक आँचल-मा आणि एक मदतनीस. ज्या चरावर ते नाही तिथे दाराला बांबूचं आडकाठीचं फाटक. उंची किमान दोन फूट आणि बांबू उभे लावायचे. आडवे लावले की मुलाला शिडी मिळते. माच्यालाही तसंच कुंपण हवं, कारण रात्री झोपेत मूल पाण्यात पडतं आणि आवाजही येत नाही.

बुडालेल्या मुलाला डोक्यावर घेऊन गरगर फिरवायची किंवा अंगाला मीठ चोळायची पद्धत अजून दिसते. त्यात जीव वाचवणारी मिनिटं जातात. लगेच तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, आणि हे थांबवायचं नाही.

सापाचं थोडक्यात: पाणी चढलं की नाग आणि मण्यारही उंचावर येतात, म्हणजे भिट्यावर. मण्यार रात्री झोपलेल्याला चावते आणि दंश कित्येकदा जाणवतही नाही. जमिनीवर झोपायचं नाही आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचायची, एवढ्याने बराच धोका टळतो. घट्ट दोरी, चिरा, ओझा म्हणजे मांत्रिक यांत वेळ न घालवता होडीने उपजिल्ह्याच्या दवाखान्यात. निघण्यापूर्वी फोन करून सापाच्या विषावरची लस आहे का विचारायचं, नसली तर सरळ जिल्ह्याला.

---

गोधडी

संडास राहिलं. माझ्या मजकुरात त्यावर एकच ओळ आहे: "स्त्रियांची गैरसोय होते."

---

दोन_टाके

ती ओळ खोडा आणि हे लिहा: बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि जेवण अर्धं करतात, म्हणजे अंधार पडेपर्यंत जावं लागणार नाही. त्यातून लघवीची जळजळ, ताप. पाळीचे कपडे उन्हात घालता येत नाहीत, ओलेच पुन्हा वापरले जातात, त्यातून खाज आणि पुरळ. माच्यावर एका कोपऱ्याला तट्टी लावून दोरी बांधली तर निदान वाऱ्यावर तरी वाळतात.

संडास तिथे सिमेंटच्या कड्यांचा असतो, वर भांडं. पाच कडी खोल पुरली की चरावर ती खालूनच पाण्याने भरतात आणि पूर आला की सगळं वर येतं. म्हणून दोन उथळ खड्डे बरे, आणि त्यांतली वरची दोन कडी जमिनीच्या वर ठेवून भोवती माती चोपायची. शक्यतो भिट्यावरच, पंपापासून किमान ३० फूट दूर. भांड्याखालची वाकडी नळी पाणी जास्त लागतं म्हणून फोडून टाकतात. मग माश्या आणि वास, आणि पुरात घाण थेट वर.

---

सातबारा

गुरं आणि कागद, दोन्ही राहिलेत.

गाईला दिवसाला पाच-सहा किलो पेंढा धरा. दोन गाई, तीस दिवस म्हणजे ३०० ते ३६० किलो. पेंढ्याची उडवी बांबूच्या खांबाभोवती, माच्यावर रचलेली. खालचा वीतभर थर भिजला की बुरशी वर चढत जाते. पेंढा संपला की जलपर्णी घालतात. ती तोडून दिवसभर कोमेजू द्यायची आणि पेंढ्यात थोडी मिसळायची. नुसती ताजी घातली तर गुरं ढाळतात. लाळ्या-खुरकुताची आणि शेळीला पीपीआर या साथरोगाची लस पाणी यायच्या महिनाभर आधी. बांधावर दहा घरांची गुरं एकत्र बांधली गेली की रोग एका रात्रीत फिरतो.

गाय म्हणजे बचत, आणि ती मोडायची वेळ बकरी ईदेची. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे अनुवादात लक्षात ठेवा. २०२० साली ती १ ऑगस्टला, ऐन पुरात आली. २०२५ मध्ये ७ जूनला, पाण्याच्या आधी. पुराआधी बाजार गाठला तर भाव, पुरात विकायला काढली तर पडेल किंमत, कारण चारा सगळ्यांचाच संपलेला असतो. इकडे सूक्ष्मकर्जाचा आठवड्याचा हप्ता, 'किस्ती', चालूच राहते. म्हणून घरातला एक पुरुष ढाक्याला रिक्षा ओढायला किंवा बांधकामावर जातो आणि पैसे मोबाइलवरून पाठवतो. फोन चार्ज ठेवणं ही चैन नाही, छपरावरचा सौर पत्रा त्यासाठीच.

कागद. नदीने खाल्लेली जमीन 'शिकस्ति', पुन्हा वर आलेली 'पयस्ति'. १९५० च्या जमीन कायद्याचं ८६ वं कलम, त्यात १९९४ ची दुरुस्ती: त्याच जागी ३० वर्षांच्या आत जमीन वर आली तर मूळ मालकाचा किंवा वारसाचा हक्क टिकतो. पण आधी ती प्रशासनाच्या ताब्यात जाते, मोजणी होते, मग वाटप, आणि एकूण ६० बिघ्यांची मर्यादा. जमीन बुडाल्यावर खजिना म्हणजे शेतसारा, त्याच्या माफीचा अर्ज करून त्याचा कागद घेतलेला नसेल तर पुढे सिद्ध करणं जड जातं. तोवर नव्या चरावर दांडग्यांचा कब्जा झालेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून दलील (खरेदीखत), खतियान (जमिनीच्या नोंदीचा उतारा), खजिन्याच्या पावत्या, ओळखपत्र, जन्मनोंदणी, मुलांचं लसीकरण कार्ड आणि कर्जाचं पासबुक हे सगळं दुहेरी पॉलिथिनमध्ये, रुंद तोंडाच्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीत. बरणी आढ्याला बांधतात. पाण्यात पडली तरी तरंगली पाहिजे, म्हणून काठोकाठ भरत नाहीत.

---

गोधडी

शेवटचे दोन प्रश्न. 'माचा'ला मराठीत माळा लिहू का? आणि पाणी किती चढणार हे त्यांना आधी कळतं कसं?

---

काठावरचा

माळा नको. आपला माळा कायमचा असतो, हा वरखाली सरकतो. 'माचा'च ठेवा, वाचकाला माची-माचण ठाऊक आहे, कळेल.

पूर अंदाज केंद्र पाच दिवसांचा अंदाज देतं, १०९० वर फोन केला की ऐकायला मिळतो. पण तो सांगतो, "चिलमारीला पाणी धोक्याच्या पातळीच्या वर इतके सेंटीमीटर." चिलमारी हे नदीची पातळी मोजण्याचं ठाणं. ते तुमच्या अंगणापासून वीस किलोमीटरवर असेल तर त्या आकड्याचा अर्थ काय? म्हणून जाणते लोक अंगणात एक बांबू रोवतात आणि दर पुरात खूण करतात: चिलमारीला धोक्याच्या पातळीला लागलं तेव्हा आपल्याकडे पाणी इथे, पन्नास वर गेलं तेव्हा इथे. दोन-तीन हंगामांत बांबू बोलायला लागतो. मग पुढचा आकडा ऐकला की चूल कधी उचलायची, पंपाचं तोंड कधी बांधायचं, गाई कधी हलवायच्या हे ठरतं. मात्र पात्र दरसाल बदलतं. मधे नवा चर उठला किंवा नदी सरकली की जुन्या खुणा खोट्या पडतात, बांबूवर वर्ष कोरावं लागतं.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी पाणी उतरतानाचं एक घाला. घरातला गाळ पाणी घोट्याएवढं असतानाच ढवळत, त्याच पाण्याबरोबर बाहेर ढकलायचा. पाणी पूर्ण उतरू दिलं तर तो बसतो, उन्हाने विटेसारखा होतो आणि कुदळीने खणताना भिट्याचीही माती निघून येते.